परसबागांच्या कडेचे मैदान

लिव्हरपूलच्या मध्यवर्ती स्थानकातून साउथपोर्टकडे जाणारी लोकल गाडी उत्तरेला धावू लागली की डाव्या हाताला मर्सी नदीच्या जुन्या गोद्या दिसू लागतात. एकेकाळी जगाचा माल या धक्क्यांवर उतरत असे. गोद्या मागे पडतात, विटांच्या घरांच्या रांगा सुरू होतात आणि सुमारे वीस मिनिटांत क्रॉसबी हे समुद्रकाठचे शांत उपनगर येते. प्रवासी येथे बहुधा किनारा पाहण्यासाठी उतरतात. शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी ओतीव लोखंडाच्या शंभर मनुष्याकृती २००५ मध्ये येथील वाळूत उभ्या केल्या. सर्वांची दृष्टी क्षितिजाकडे लागलेली आहे. भरती येते तेव्हा त्या गळ्यापर्यंत बुडतात आणि ओहोटीबरोबर पुन्हा उघड्या होतात.

किनाऱ्याकडे पाठ करून थोडे चालले की कॉलेज रोडवर एक फाटक लागते. आत मरीन या फुटबॉल क्लबचे रॉसेट पार्क हे मैदान आहे. १९०३ पासून क्लबचा मुक्काम येथेच आहे. मोठ्या क्रीडांगणांची छायाचित्रे पाहिलेल्याला हे मैदान प्रथम अपुरे वाटते. प्रेक्षकांसाठी मैदानाच्या तीनच बाजू आहेत. चौथ्या, लांब बाजूला राहत्या घरांच्या परसबागा थेट येऊन टेकल्या आहेत. कुंपणावर उंच जाळी बांधलेली असते, तरी जोरात मारलेला चेंडू कधी तरी एखाद्याच्या अंगणात जातोच. मग शेजारधर्माने तो परत येतो. सगळी जागा भरली तरी तीन हजारांहून थोडीच अधिक माणसे येथे मावतात.

क्लबची स्थापना १८९४ ची. परिसरातील काही व्यापारी आणि महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी जवळच्या वॉटरलू भागातील मरीन हॉटेलात जमत असत. तेथेच हा क्लब जन्मला आणि हॉटेलाचे नाव त्याला चिकटले. अशा संस्था पैशापेक्षा माणसांच्या चिकाटीवर टिकतात. मरीनचे प्रशिक्षक रोली हॉवर्ड हे त्याचे बोलके उदाहरण. १९७२ ते २००५ अशी सलग ३३ वर्षे त्यांनी हा एकच संघ सांभाळला. पोटासाठी त्यांचा व्यवसाय घरांच्या खिडक्या स्वच्छ करण्याचा होता.

इंग्लंडमध्ये वरच्या चार व्यावसायिक विभागांत मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्या खालच्या पायऱ्यांवरील शेकडो क्लबांना ‘नॉन-लीग’ म्हणतात. तेथील बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव करतात. क्लबचा गाडाही बव्हंशी स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. सामन्याच्या दिवशी फाटकावर तिकिटे देणे, माहितीपत्रिका विकणे, चहाच्या खिडकीत उभे राहणे, गवताची निगा राखणे, ही कामे शेजारपाजारची माणसे वर्षानुवर्षे करीत राहतात. थंडीत वाफाळत्या चहाचा कागदी पेला हातात धरून कठड्याशी उभे राहिले की खेळाडूंची एकमेकांना दिलेली हाकही स्पष्ट ऐकू येते. शाकाहारी पाहुण्याने अशा ठिकाणी खाद्यपदार्थ घेताना नीट विचारपूस करावी. चहा मात्र निःशंकपणे घ्यावा.

या लहान क्लबांच्या जीवनात एफए कप या स्पर्धेचे स्थान वेगळे आहे. १८७१ साली सुरू झालेली ही फुटबॉलची सर्वांत जुनी राष्ट्रीय स्पर्धा. दरवर्षी सातशेहून अधिक क्लब तीत उतरतात. लहान क्लब उन्हाळा सरता सरता प्राथमिक फेऱ्या खेळू लागतात, आणि वरच्या दोन विभागांतील ४४ बलाढ्य क्लब जानेवारीत, तिसऱ्या फेरीत दाखल होतात. कोणाची गाठ कोणाशी आणि कोणाच्या मैदानावर पडणार, हे सोडतीने ठरते. तेथे श्रीमंती चालत नाही. गल्ल्याचा हिशेबही समानतेचा आहे. तिसऱ्या फेरीत तिकीटविक्रीचे निव्वळ उत्पन्न यजमान आणि पाहुणे यांच्यात प्रत्येकी ४५ टक्के वाटले जाते, उरलेले १० टक्के सामायिक निधीत जातात. त्यामुळे एका दिवसाच्या सामन्यातून लहान क्लबच्या कित्येक वर्षांच्या खर्चाची सोय होऊ शकते.

मरीनच्या वाट्याला असा दिवस आला तो २०२०-२१ च्या हंगामात. तेव्हा हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या आठव्या पायरीवर होता. एकामागून एक फेऱ्या जिंकत त्याने कोलचेस्टर युनायटेड या व्यावसायिक संघाला त्याच्याच मैदानावर पेनल्टींमध्ये हरवले. पुढच्या फेरीत हॅवंट अँड वॉटरलूव्हिल या संघाविरुद्ध वाढीव वेळेच्या अगदी शेवटी, १२० व्या मिनिटाला नायल कमिन्स या शाळेतील व्यायामशिक्षकाने विजयी गोल केला. त्यानंतर सोडत निघाली आणि क्रॉसबीत आनंदाला उधाण आले. प्रतिस्पर्धी होता लंडनचा टॉटनहॅम हॉटस्पर आणि सामना रॉसेट पार्कवरच होणार होता. दोन्ही संघांच्या क्रमवारीत १६१ स्थानांचे अंतर होते. स्पर्धेच्या इतिहासात एवढी विषम जोडी पूर्वी कधी जमली नव्हती.

पण काळ महामारीचा होता. जानेवारीच्या आरंभीच इंग्लंडमध्ये पुन्हा टाळेबंदी लागू झाली आणि सामना प्रेक्षकांविना खेळवावा लागला. शतकातून एखाद्या वेळी दारी येणारे गिऱ्हाईक यावे आणि नेमके त्याच दिवशी दुकान बंद ठेवावे लागावे, तसा हा प्रसंग होता. मोकळ्या मैदानाचा गल्ला रिकामाच राहणार होता.

यावर क्लबने एक साधा मार्ग काढला. दहा पौंडांची ‘आभासी’ तिकिटे विक्रीला ठेवली. त्या तिकिटावर मैदानात प्रवेश नव्हता, आसन नव्हते. सामना तर दूरचित्रवाणीवर सर्वांना फुकटच दिसणार होता. तिकीट घेणाऱ्यांच्या नावांची सोडत निघून एकाला पुढे एका सरावसामन्यात संघाचे व्यवस्थापन करण्याची संधी मिळणार होती, एवढेच काय ते आमिष. तरीही ३०,६९७ तिकिटे खपली. मैदानात मावणाऱ्या माणसांच्या जवळजवळ दहापट. रक्कम तीन लाख पौंडांच्या वर गेली. विशेष म्हणजे खरेदीदारांत टॉटनहॅमचे समर्थक मोठ्या संख्येने होते. ज्या संघाला आपला संघ हरवणार, त्याच्या खर्चाला हातभार लावणारी ही माणसे होती.

१० जानेवारी २०२१ रोजी जोझे मोरिन्यो यांच्यासारखा जगप्रसिद्ध प्रशिक्षक या परसबागांच्या शेजारी येऊन बसला. शेजाऱ्यांनी आपापल्या अंगणातून आणि खिडक्यांतून सामना पाहिला. त्या दिवशी खरे प्रेक्षक तेवढेच. प्रारंभीच्या टप्प्यात, गुणफलक कोरा असताना, मरीनच्या नील केंग्नीने दुरून मारलेला चेंडू आडव्या खांबावर आदळला. हातभर खाली गेला असता तर इतिहास घडला असता. पण पुढे बळाचे गणित खरे ठरले. कार्लोस विनिसियसने तीन गोल केले, लुकास मोराने एक. उत्तरार्धात सोळा वर्षांच्या अल्फी डिवाइनने पाचवा गोल करून टॉटनहॅमचा सर्वांत लहान वयाचा गोलकर्ता होण्याचा मान मिळवला. मरीन ०-५ ने हरला.

हरलेल्या संघाच्या वहीत मात्र त्या दिवसाची नोंद जमेच्या बाजूला झाली. गल्ल्याची मोठी गळती लागलेल्या वर्षात अनेक लहान क्लबांपुढे अस्तित्वाचा प्रश्न होता. मरीनच्या डोक्यावरची ती टांगती तलवार दूर झाली. पुढे २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये हा क्लब एकेक पायरी वर चढला.

रॉसेट पार्कला जाण्यासाठी टॉटनहॅमसारख्या पाहुण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सप्टेंबरमधील एखाद्या शनिवारी, प्राथमिक फेरीच्या सामन्याला काहीशे माणसे जमतात तेव्हा या स्थळाचे खरे रूप दिसते. फाटकावरचा वृद्ध स्वयंसेवक सुटे पैसे मोजून देतो, कठड्याशी आजोबा नातवाला खेळाडूंची नावे सांगत असतात, आणि कुंपणापलीकडे कोणी तरी दोरीवरचे कपडे काढत असते. व्यवहारात नफ्यातोट्याचा ताळेबंद वर्षाअखेरीस होतो. अशा संस्थांचा ताळेबंद मात्र संकटाच्या दिवशी होतो, जेव्हा काहीही परत मिळणार नाही हे ठाऊक असूनही माणसे खिशात हात घालतात. क्रॉसबीच्या या लहानशा मैदानाने तो हिशेब एकदा चुकता करून दाखवला आहे. आणि पुढच्या शनिवारी फाटक नेहमीप्रमाणे उघडलेले असते.