लाटेची चाल

वाद्यवृंदासाठी समुद्र लिहायचा म्हटला की हात आधी झांजांकडे जातो. लाट फुटली, झांज वाजली. वाद्यरचना करणाऱ्या आम्हा मंडळींना हा मोह हमखास पडतो. पण अशी नक्कल दोन लाटांत संपते, पुढची दहा मिनिटं करायचं काय? माझं मत असं, की समुद्र उभा राहतो तो वाद्यांमधल्या कामाच्या वाटणीतून. मेंडेल्सनच्या ‘हेब्रिडीज’ची सुरुवात पाहा. व्हिओला, चेलो आणि बसून ही वाद्यं एक छोटी, खाली उतरणारी स्वराकृती वाजवत राहतात. वर व्हायोलिनचा लांबवलेला स्वर. दर दोन बारनंतर तीच आकृती वर सरकते: बी मायनर, मग डी मेजर, मग एफ शार्प मायनर. घडण तीच, रंग मात्र पालटलेला. ब्रिटनच्या ‘पीटर ग्राइम्स’ (1945) या ऑपेरातल्या पहाटेच्या वाद्यसंगीतात तीन थर आहेत: व्हायोलिन आणि फ्लूट यांची उंच, एका सुरात वाजणारी ओळ, क्लॅरिनेट, हार्प, व्हिओला यांची झरझर वरखाली, आणि तळाशी पितळी वाद्यांचे संथ, जड स्वरमेळ. प्रत्येक थराची गती निराळी. देबुसीनं ‘ला मेर’ (म्हणजे ‘समुद्र’) या रचनेच्या पहिल्या भागात चेलोंचे चार गट केले आणि त्यासाठी सोळा वादक मागितले. एरवी इतके चेलो वाद्यवृंदात क्वचितच असतात. ती मागणी हौसेची नव्हे. गट भरीव नसतील तर पाण्याचं वजनच उतरत नाही.

यावर कुणी म्हणेल, शीर्षक झाका आणि मग समुद्र ओळखून दाखवा. 1905 साली ‘ला मेर’ पहिल्यांदा वाजलं तेव्हा पिएर लालो या समीक्षकानं आपल्याला त्यात समुद्र जाणवलाच नाही, अशी तक्रार केली होती. आक्षेप निम्मा खरा आहे. शीर्षकाविना कुणाला त्यात वारा दिसेल, कुणाला ढग. पण ते संगीत स्थिर आहे असं कुणी म्हणणार नाही. नाव शीर्षक देतं, हालचाल लेखन देतं. आमची जबाबदारी दुसऱ्या गोष्टीची. दुसरा आक्षेप अनुभवाचा: रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलात होता, म्हणूनच ‘शहरजाद’मधल्या लाटा खऱ्या वाटतात. असेलही. पण देबुसीनं ‘ला मेर’ सुरू केलं ते समुद्रापासून दूर, बर्गंडीत, आठवणींच्या भरवशावर. मेंडेल्सननं ‘हेब्रिडीज’चे सुरुवातीचे बार 7 ऑगस्ट 1829च्या पत्रात लिहिले, हेब्रिडीज बेटांमधली फिंगलची गुहा पाहण्याच्या आदल्या दिवशी. समुद्र पाहिलेला असावा हे खरं, पण पाहिलेलं चोवीस ओळींच्या कागदावर कुणाकुणाला वाटून द्यायचं, हे मेजावरच ठरतं.

रागसंगीतावर वाढलेला आपला कान एकच स्वररेषा धरू पाहतो आणि ‘ला मेर’मध्ये गोंधळतो. म्हणून ते ऐकताना मुख्य सुरावट शोधू नका. एकदा फक्त चेलो ऐका, दुसऱ्यांदा फक्त हार्प, मग सगळं एकत्र.