तीन अधिक तीन

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. "काय रे, लिहिणं बंद का?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना "कामाची गडबड" असं ठोकून देत होतो. खरं कारण घरातलं होतं. आता लेकीनेच "लिही बिनधास्त" म्हटलंय, तेव्हा सांगून टाकतो.

तर झालं असं, की एका शनिवारी सकाळी टपालात पोलिसांचं पत्र आलं. आमची गाडी तासाला ३० मैलांच्या रस्त्यावर ४४ ने जाताना कॅमेऱ्यात सापडली होती. गाडी माझ्या नावावर, म्हणून पत्र मला. सोबत एक फॉर्म, आणि त्यात एकच महत्त्वाचा प्रश्न: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं? उत्तर द्यायला २८ दिवस.

गाडी लेक चालवत होती.

इथे इंग्लंडमध्ये राहत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. पुण्यात असताना मामाने पकडलं की दंड भरायचा, पावती खिशात टाकायची, विषय संपला. इथे १०० पौंड भरून विषय संपत नाही. सोबत लायसन्सवर किमान तीन पॉइंट चढतात. १९८२ पासून ही पद्धत आहे. तीन वर्षांत बारा पॉइंट झाले की सहसा निदान सहा महिने गाडी चालवायची नाही. पॉइंट रेकॉर्डवर राहतात मात्र चार वर्षं, आणि तोवर इन्शुरन्सवालाही ते विचारतो. पैसे काय, कुणीही कुणाचे भरतं. पॉइंट ज्याचे त्याच्याच नावावर बसतात, आणि सगळी खोच तिथेच आहे.

वेग मर्यादेच्या जरासाच वर असेल तर पॉइंटांऐवजी वर्गात बसून चार समजुतीच्या गोष्टी ऐकायची सोय असते. पण ४४ त्या सवलतीच्या बाहेर.

नवशिक्यांना नियम अजून कडक. टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द. पुन्हा शिकाऊ लायसन्स, लाल एल लावायचा, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा नव्याने. लेकीला टेस्ट पास होऊन चौदा महिने झाले होते. आणि तिच्या नावावर तीन पॉइंट आधीच होते.

ते तीन कसे आले हे सांगायला मला अजून जड जातं. पोलिसांनी तिला असंच थांबवलं होतं. मागचा डावा टायर गोटा झाला होता. इथे टायरच्या खाचा निदान १.६ मिलिमीटर खोल लागतात. गाडी माझी, सर्व्हिसिंग मी बघणार, "पुढच्या महिन्यात बदलू" हेही माझंच वाक्य. पण चालवत होती ती, म्हणून पॉइंट तिला. एका टायरला तीन.

आता तीन अधिक तीन किती हे सांगायला गणित लागत नाही. लेक फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटना उभं करते. खेड्यापाड्यांत, जिथे दिवसाला दोन बस. गाडी गेली तर ते काम गेलं.

फोटो गाडीच्या मागून काढलेला. नंबर प्लेट स्पष्ट, चालवणाऱ्याचं डोकंसुद्धा दिसत नव्हतं. आणि माझं लायसन्स एकोणीस वर्षं कोरं! मला तीन पॉइंट म्हणजे अंगावरचा एक डास. बायको चहा ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "तुझं नाव लिही ना." त्यात तिला काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही नाही. मुलांचं आपण अंगावर घ्यायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शिवाय माझे तीन ती वाहत होतीच की. मग तिचे तीन मी वाहिले तर फिटंफाट!

पेन घेऊन बसलो आणि क्रिस ह्यून आठवले. ब्रिटनचे ऊर्जामंत्री होते. २००३ मध्ये त्यांची गाडी वेगात सापडली, लायसन्स जाईल म्हणून पॉइंट बायकोने, व्हिकी प्राइस यांनी, आपल्या नावावर घेतले. काही महिन्यांत ह्यून मोबाईलवर बोलताना पकडले गेले आणि लायसन्स गेलं ते गेलंच. पुढे लग्न मोडलं, गोष्ट पेपरात आली, आणि २०१३ मध्ये न्यायप्रक्रियेची दिशाभूल केली म्हणून दोघांनाही आठ आठ महिन्यांची कैद. तुरुंग मिळाला तो वेगासाठी नाही, खोट्या नावासाठी.

तरी सांगतो, मी थांबलो तो तुरुंगाच्या भीतीने नाही. "आमच्यात असं कोण बघतंय" हे मी मनात म्हणूनही झालं होतं.

संध्याकाळी लेक आली. फॉर्म वाचला, रस्त्याचं नाव वाचलं आणि खुर्चीत बसली. म्हणाली, "इथे प्राथमिक शाळा आहे, बाबा." मी टायरचा मुद्दा काढला. ती म्हणाली, "टायर तुझा होता. स्पीड माझा होता." आणि पेन माझ्या हातातून घेऊन तिचं नाव सांगितलं, लिहायचं मला होतं, कारण फॉर्म माझ्या नावाचा. ती स्पेलिंग सांगत गेली, जसं काही मला येतच नाही. मग पेन परत दिलं.

माझं अक्षर त्या दिवशी फार वाईट आलं.

यथावकाश लायसन्स रद्द झाल्याचं पत्र आलं. ऑफिसने तिला तूर्त क्लिनिकमध्ये काम दिलंय. तिच्या एक आजी मात्र फोन करून विचारतात, "ती मुलगी कधी येणार?" टेस्टची तारीख मिळायला महिने लागतात. पास झाली तरी ते सहा पॉइंट पुसले जाणार नाहीत, आपली मुदत भरूनच जातील.

तोवर रविवारी ती चालवते आणि मी शेजारी बसतो. निघण्याआधी मी वीस पेन्सचं नाणं चारही टायरांच्या खाचांत घालून बघतो. नाण्याची बाहेरची कड दिसली तर टायर संपत आला असं समजायचं. ती गाडीत बसून माझी वाट बघते, घाई करत नाही.

परत येताना मी चालवत होतो. "बाबा, चौतीस," ती म्हणाली. मी पाय उचलला.

असो. तुमच्या गाडीचे टायर बघा एकदा.