नाव, माध्यम, किंमत

चित्राखालच्या पाटीवर तीन ओळी पुरतात. काढणाऱ्याचं नाव, माध्यम, किंमत. शीर्षक असलं तर तेही. यवतमाळ जिल्ह्यातल्या विशेष शाळा आणि कर्मशाळांमधल्या मुलामुलींची चित्रं आणि मातीकाम आम्ही दर हिवाळ्यात एकत्र मांडतो. दर वेळी कुणी ना कुणी चौथ्या ओळीचा आग्रह धरतं. ‘जन्मतः कर्णबधिर’. ‘बहुविकलांग, ८० टक्के’. ‘हात नसताना पायाने काढलेले चित्र’. बातमीदाराला ती मथळ्यासाठी हवी असते, पाहुण्यांना भाषणासाठी. मी ती लिहू देत नाही. टक्केवारीची जागा प्रमाणपत्रावर. ४० टक्क्यांच्या आत असलं तर बहुतेक सवलती मिळत नाहीत, म्हणून तिथे ती हवीच. भिंतीवर तिचं काय काम?

यामागे तत्त्वज्ञान वगैरे काही नाही, नुसतं बघत उभं राहणं आहे. आपल्याकडे आधी पाटी वाचतात, मग चित्र बघतात. चौथी ओळ वाचली की तोंडून ‘च्च’ निघतं, पाठोपाठ ‘कमाल आहे’, आणि पावलं पुढच्या चित्राकडे वळतात. चित्र बघायचं राहूनच जातं. ती ओळ नसली की तोच माणूस थांबतो. ‘हे बैल निळे काऊन केले जी?’ असं विचारतो. कधी नावंही ठेवतो, ‘याच्यात काही दम नाही, बाजूचं बरं हाय.’ मला तर हे दुसरं वाक्य जास्त आवडतं. कौतुक या पोरांना लहानपणापासून पुरून उरलेलं असतं. रांगोळीचा एक ठिपका टाकला तरी टाळ्या. आपलं चित्र शेजारच्यापेक्षा डावं आहे, असं कुणी गंभीरपणे म्हणणं त्यांच्या वाट्याला क्वचितच येतं.

यवतमाळकरांना खरं तर हे फार समजावून सांगायला लागू नये. आपल्या जिल्ह्याच्या नावाखालीही एक चौथी ओळ कायमची चिकटलेली आहे. मुंबई-पुण्यात यवतमाळ म्हटलं की समोरचा आधी चेहरा पाडतो आणि मग शेतकरी आत्महत्यांचं विचारतो. जानेवारी २०१९ मध्ये इथे ९२वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यावर गदारोळ झाला आणि शेवटी उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झालं. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या त्या. नवऱ्यानं आत्महत्या केलेली. देशभर बातमी गेली ती याच ओळखीवर. पण त्या श्याम पेठकरांच्या ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या. प्रेक्षकांसमोर उभं राहून संवाद पेलणारी नटी होत्या. त्यांनी काम कसं केलं याबद्दल मी त्या आठवड्यात एकाच्याही तोंडून काही ऐकलं नाही. दुःख मोठं असलं की काम झाकलं जातं. आमच्या प्रदर्शनात नेमकं हेच होऊ नये म्हणून एवढी धडपड.

आता भिंतीकडे येते. माझं खरं काम तिथलं.

आम्हाला मिळतो तो शाळेचा हॉल, नाहीतर मंगल कार्यालय. भिंतींना चकचकीत ऑइलपेंट, आणि खिळा ठोकायला बंदी. म्हणून लाकडी पट्ट्यांच्या चौकटी करून त्यांवर मांजरपाट ताणतो. दर वर्षी कुणीतरी बारदान लावायला सुचवतं, ‘कापसाचा जिल्हा आहे, शोभून दिसेल.’ शोभून दिसतं ते बारदानच. त्याचा तपकिरी रंग जलरंगातलं सगळं फिकट गिळून टाकतो. न धुतलेला, किंचित पिवळसर मांजरपाट बरा, तो गप्प राहतो.

उंचीचा हिशेब वेगळा. चित्राचा मध्य जमिनीपासून दीडेक मीटरवर ठेवायचा, असं आम्हाला शिकवलेलं. तो उभ्या, धडधाकट, मोठ्या माणसाचा हिशेब आहे. चाकाच्या खुर्चीत बसलेल्याची नजर सव्वा मीटरच्या आसपास असते, पोरांची त्याहून खाली. मी मध्य सव्वा मीटरवर धरते. मग पाहुण्यांना वाकावं लागतं. वाकू द्या. काच लावत नाही, कारण खालून बघणाऱ्याला त्यात ट्यूबलाइटच दिसते, आणि ज्याची नजर अधू आहे त्याला तर दुसरं काहीच दिसत नाही. खुर्ची जागेवर वळायला दीड मीटर मोकळं लागतं, तेवढं दोन चौकटींमध्ये सोडायचं. बिछायतवाल्याचा लाल गालिचा आधी गुंडाळून ठेवायचा, कारण चाकं त्यातच रुततात. बिछायतवाला दर वर्षी नाराज होतो, कारण गालिच्याशिवाय कार्यक्रम कसला, असं त्याचं मत. एका टेबलावर मातीकाम आणि दोऱ्यानं उठावदार केलेल्या चित्रांच्या प्रती असतात. तिथे मोठ्या अक्षरांत आणि ब्रेलमध्ये लिहिलेलं असतं, ‘हात लावा’. डोळस पोरांना आवरायला एक माणूस वेगळा ठेवावा लागतो, इतकी त्यांना ती पाटी आवडते.

माउंटला मात्र मी पैसे वाचवत नाही. पाठकोऱ्या कागदावरचं चित्र असलं तरी त्याला पंचेचाळीस अंशांत कापलेल्या कडेचा जाड माउंट, खालची बाजू वरच्यापेक्षा बोटभर रुंद. घाटंजीकडची एक आई आली होती. डिसेंबर म्हणजे वेचणीचे दिवस, त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली. पोरीचं चित्र असं पांढऱ्या चौकटीत बसलेलं बघून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘अशे तं कितीक म्या चुलीत घातले, मॅडम.’ तिच्या बोलण्यात रडणंबिडणं काही नव्हतं, हिशेब होता. घरी गेल्यावर तिनं पत्र्याची पेटी रिकामी केली, असं पोरीनं नंतर खुणांनी सांगितलं.

शाळांच्या प्रदर्शनांतला सगळ्यात जुना रोग म्हणजे सरांचा हात. तो लांबूनही ओळखू येतो. कडा ठाम आणि आतला रंग थरथरता. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, बाजूला नारळाचं झाड. यवतमाळच्या पोरानं नारळाचं झाड पाहिलंय कुठे? त्याच्या दारात कडुलिंब आहे, बांधावर पळस आहे. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. बक्षीस मिळावं, पोराची मान वर व्हावी, एवढंच. पण त्या कागदावर मग पोर उरतच नाही.

मदत कुठे संपते आणि ढवळाढवळ कुठे सुरू होते, हे ठरवण्यातच या कामाचं निम्मं कसब आहे. कागद मास्किंग टेपनं पक्का करणं, पाट तिरपा लावणं, ब्रशच्या दांड्यावर स्पंजची नळी चढवून तो मुठीत मावेल असा करणं, पाण्याचं भांडं जड बुडाचं ठेवणं ही मदत. सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा नजरेनं रंग दाखवायचा. तो रंग ब्रशला लावून देणं हीही मदतच. पण ‘आकाश आहे ना, मग निळा घे’ म्हटलं की संपलं. त्याची एक रेघ कागदावर उतरायला मिनिट-दोन मिनिटं लागत. ते बघत हात मांडीखाली दाबून बसणं मला ब्रश धरायला शिकण्यापेक्षा अवघड गेलं आहे.

त्याहून अवघड म्हणजे चित्र संपलं कधी, हे ठरवणं. बौद्धिक अक्षमता असलेली काही मुलं सुंदर चित्र काढतात आणि मग त्यावर रंग चढवतच राहतात, शेवटी सगळं काळं होतं. छान दिसतंय त्या क्षणी कागद ओढून घ्यायचा, असं अनेक ठिकाणी करतात. मला ते पटत नाही. मी दुसरा कोरा कागद दिसेल असा बाजूला ठेवते. कधी मुलगा त्याकडे वळतो, कधी वळत नाही. काळा झालेला कागदही मी माउंट करून लावला आहे. जवळून बघा, त्या काळ्यात खाली गेलेले सगळे रंग कडेला डोकावत असतात.

अमेरिकेतल्या ओकलंड शहरात १९७४ पासून ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ नावाचं केंद्र चालतं. तिथे अपंग कलावंत रोज येऊन काम करतात. शिकवणारे असतात, पण ते चित्रात हात घालत नाहीत. १९८७ मध्ये तिथे जुडिथ स्कॉट आली. डाउन सिंड्रोम, त्यात कर्णबधिर, आणि ती कर्णबधिर आहे हेही कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. सातव्या वर्षापासून सुमारे पस्तीस वर्षं ती संस्थांमध्ये कोंडलेली होती. केंद्रात आल्यावर जवळजवळ दोन वर्षं तिनं मनापासून काही केलंच नाही. मग हाती दोरा आला, आणि मोडक्या वस्तूंभोवती दोरे गुंडाळून तिनं माणसाएवढी शिल्पं केली. आज ती मोठ्या संग्रहालयांत आहेत. ती शिल्पं मी फक्त छायाचित्रांत पाहिली आहेत. पण मला विचाराल तर थक्क व्हायला होतं ते त्या दोन रिकाम्या वर्षांनी. आपल्याकडे तीन महिन्यांत ‘प्रगती’चा रकाना भरावा लागतो. दोन वर्षं कोऱ्या कागदासमोर बसू देणारी कर्मशाळा मला अजून भेटायची आहे.

दोऱ्याचं वाचल्यावर आम्हीही कापूस हाती घेतला. आपली काळी माती कपाशीला चांगली, पण शिल्पाला वाईट. वाळताना आकसते आणि तडकते. मूर्तिकारांची जुनी युक्ती म्हणजे चाळलेल्या मातीत पिंजलेला कापूस मळायचा. तंतू माती धरून ठेवतात, तडे कमी जातात. अंध मुलांना मळतानाच कापूस कुठे गाठाळला, कुठे एकजीव झाला हे आमच्या कितीतरी आधी कळतं. एका मुलानं एसटीची सीट केली. नुसती सीट, फाटलेल्या रेक्झिनसकट. त्याच्या हातांना एसटीची तीच ओळख होती. आम्ही डोळसांनी बस केली असती, खिडक्या, चाकं, बोर्ड लावून. या स्पर्शाच्या भाषेत किती माणसं विचार करत असतील, असं त्या सीटवरून हात फिरवताना मला वाटून गेलं.

असं काम बघायला ओकलंडलाच जायला हवं असं नाही. वणीकडून पाटाळ्याचा पूल ओलांडला की वर्धा नदीपलीकडे वरोरा, तिथलं आनंदवन. विकास आमटे यांनी तिथे ‘स्वरानंदवन’ उभं केलं. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि कुष्ठरोगातून बरे झालेले शंभरावर कलावंत त्यात आहेत. वाद्यं वाजतात, आणि ज्यांना ती ऐकू येत नाहीत ती मुलं इशाऱ्यावर ताल धरून नाचतात. त्या इशारा देणाऱ्याकडे प्रेक्षकांचं लक्षही जात नाही. मला मात्र सगळ्यात आधी तोच दिसतो, कारण माझी जात तीच. त्यानं क्षणभर आधी हात उचलला तर नाच बिघडेल, आणि त्यानं हात छान उचलला म्हणून कुणी टाळी वाजवणार नाही.

चौथ्या ओळीला अपवाद नाही असंही नाही. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५०च्या दशकात पूर्ण गेली, आणि १९७२ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात भित्तिचित्र केलं. हे माहीत असलं की त्या आकारांकडे आपण वेगळं बघतो, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून दाराशी एक फाइल ठेवते. ज्याला आपल्याबद्दल सांगायचं असेल त्यानं त्यात लिहावं, लिहवून घ्यावं किंवा चित्रानं सांगावं. मात्र ते चित्रं बघून झाल्यावर, बाहेर पडताना वाचायचं. एका कर्णबधिर मुलीनं लिहिलं होतं की तिला पिवळा रंग आवडत नाही आणि शाळेतली भेंडीची भाजी तर मुळीच नाही. ऐकू येण्या-न येण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

किमतीवरून वाद जास्त होतात. अठरा वर्षांनंतर कर्मशाळेत पणत्या, मेणबत्त्या, पाकिटं होतात. दिवाळीत लोक ती मदत म्हणून घेतात आणि पणत्या कपाटात पडून राहतात. चित्राला तसं गिऱ्हाईक मला नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम २९ म्हणतं की कलावंत-लेखकांना सोयी, आधार आणि प्रायोजकत्व मिळावं. कायदा उदार आहे, पण भिंतीवर चित्र लागतं ते मांजरपाटाचे पैसे कुणीतरी दिल्यावरच. चित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो, तो अल्पवयीन असला तरी. संस्थेच्या कॅलेंडरवर चित्र छापायचं तर नाव आणि मोबदला दोन्ही द्यायला हवं, हे मी सांगते तेव्हा लोक माझ्याकडे असं बघतात जणू मी दान परत मागितलं. पैसे मुलाच्या खात्यात जावेत, बापाच्या नव्हे. ज्या सज्ञान मुलाला बौद्धिक अक्षमतेमुळे व्यवहार जमत नाही, त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमू शकते. हे कागद हिंडून करावे लागतात. चित्रकलेच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं.

त्या भेंडीवालीनं गेल्या वर्षी किंमत स्वतः ठरवली. मी पाचशे म्हटलं होतं, तिनं पाटीवर बाराशे लिहिले. एक गृहस्थ दोनदा परत आले, पाटी वाचली, ‘सातशेत द्या’ म्हणाले. दुभाष्यानं सांगितल्यावर तिनं मान हलवली. ते गेले. चित्र विकलं गेलं नाही. तिच्या मैत्रिणीचं साडेतीनशेचं गेलं, त्यावरून दोघींचं भांडण झालं. यंदा ती तेच चित्र पुन्हा आणणार आहे म्हणते. किंमत पंधराशे.