कार्ड गेलंय, असं मी आता लगेच म्हणत नाही

लॅपटॉप वाय-फायला जोडला जात नाही म्हणून कोणी दुकानात आलं, की माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं असे: कार्ड गेलंय, बदलावं लागेल. मशीन जुनं असेल तर पुढचा सल्लाही तयार असायचा, यात पैसे घालू नका, नवीनच घ्या. हे मी मनापासून सांगत होतो. राउटर कालपरवा बसवलेला आणि लॅपटॉप सात-आठ वर्षांचा, मग दोष कुणाचा असणार? आज हा हिशेब मला पटत नाही.

मत फिरलं ते एका निवृत्त शिक्षकांच्या लॅपटॉपमुळे. त्यांच्याकडे नवीन फायबर कनेक्शन आलं होतं. घरचं नेटवर्क यादीत एखाद्या दिवशी दिसायचं, एखाद्या दिवशी गायब. शेजारच्यांची नावं मात्र सगळी दिसायची. "अहो, मोबाइलवर तर येतं की, मग यालाच काय धाड भरलीय?" गुरुजी म्हणाले. मी माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला. लॅपटॉप लगेच जोडला गेला, म्हणजे कार्ड ठणठणीत होतं.

मग त्यांच्या घरी जाऊन राउटरचं पान उघडलं. चॅनल 'ऑटो'वर होतं आणि त्या घडीला राउटर 13 वर बसला होता. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे 1 ते 13 चॅनल चालतात, अमेरिकेत राउटर सहसा 11 च्या पुढे जात नाहीत. बरीच जुनी कार्डं तिकडच्या नियमांप्रमाणे सेट होऊन येतात. 12 आणि 13 वर काय चाललंय ते त्यांच्या कानावरच पडत नाही. गर्दी टाळायला राउटर आपणहून 13 वर सरकला, की त्या लॅपटॉपपुरतं घरचं नेटवर्क नाहीसं. मी चॅनल 6 वर पक्कं केलं, राउटर रीस्टार्ट केला आणि नाव यादीत आलं. स्क्रू ड्रायव्हर खिशातून काढावाही लागला नाही.

तेव्हापासून मी आधी राउटर बघतो. कुठे फक्त 5 गिगाहर्ट्झ चालू असतं आणि कार्ड 2.4 वालं. कुठे सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए-3 वर असते. ही पद्धत 2018 ची, त्याआधीची कित्येक कार्डं तिथे अडकतात. डब्ल्यूपीए-2 आणि 3 मिश्र ठेवलं की सहसा काम होतं. यात सुरक्षा थोडी सैल होते हे खरं आहे, पण पासवर्ड लांबलचक असेल तर घरासाठी मला ते चालतं. जुनाट डब्ल्यूईपीवर मात्र मी कुणालाच नेणार नाही, गिऱ्हाईक रुसलं तरी. वाय-फाय 6 चा राउटर आला की इंटेलच्या काही जुन्या कार्डांना तो दिसतच नाही, तिथे नवा ड्रायव्हर पुरतो.

कार्ड खरंच जातं, नाही असं नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून नावच गेलं असेल, तर संशय कार्डावरच घ्यावा. राउटरच्या शेजारी बसल्यावरच रेंज येत असेल, तर मागच्या सर्व्हिसिंगमध्ये अँटेनाची बारीक वायर निसटलेली असू शकते. पण चालतं मशीन भंगारात निघावं, एवढं हे कारण मोठं नाही. कितीतरी घरांत मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप धाकट्या बहिणीच्या अभ्यासाला जातो. तिथे 'नवीन घ्या' म्हणणं सोपं असतं, घेणं नसतं.

म्हणून एवढं करा. दुकानात येण्याआधी मोबाइलचा हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवर ठेवून लॅपटॉप जोडून बघा. जोडला गेला, तर लॅपटॉप घरीच राहू द्या आणि राउटरची सेटिंग्ज बघणाऱ्याला बोलवा.