मागचा दिवा

आपल्या मोटारीचा मागचा दिवा मोटार हांकणाऱ्यास कधींच दिसत नाहीं, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, तीस वर्षें गाडी चालवूनहि ती आमच्या ध्यानांत आली नव्हती. ती आणून दिली एका अनोळखी तरुणानें, गेल्या मार्गशीर्षांतल्या संकष्टीच्या दिवशीं.

राजूरच्या गणपतीचें दर्शन घेऊन आम्ही उभयतां भोकरदनला परतत होतों. दिवेलागणीची वेळ होती. रस्त्यानें कापसानें शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, आणि त्यांपैकीं एकीलाहि मागें दिवा नव्हता. पूर्वीचे गाडीवान बैलगाडीच्या आंसाखालीं निदान कंदील तरी टांगीत, या लोकांना दुसऱ्याच्या जिवाची पर्वाच नाहीं, असें आमचें नेहमींचें व्याख्यान चाललें होतें. अशाच एका ट्रॉलीमागें आम्ही ब्रेक दाबला, तोंच मागून चाकें करकरल्याचा आवाज आला आणि एक मोटारसायकल आमच्या उजव्या अंगाला वीतभर अंतरावर येऊन थांबली. हांकणारा तरुण, मागें त्याची बायको, आणि दोघांच्या मध्यें टोपड्यांतलें झोंपलेलें मूल.

तो रागावला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. पण तो शांतपणें म्हणाला, "काका, डावीकडचा दिवा तर नाहीच. उजवीकडचा हाय, पर तुम्ही बिरेक दाबला की तो मोठा व्हायच्या ऐवजी बारीक होतोय. मला वाटलं, गाडी लांब गेली."

पुढें घरापर्यंत आम्ही व्याख्यान दिलें नाहीं.

आमची गाडी म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती जन्मली. परंतु भोकरदनांत तिला अद्याप सारे फियाटच म्हणतात. मुंबईंत टॅक्सी म्हणून धांवणारी तिची शेवटची भगिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली, त्या दिवशीं पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला होता, "बाबा, आतां तरी विका." कायद्यानें खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढें दर पांच वर्षांनीं गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. आमची पाळी चैत्रांत येणार होती. मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं ती चैत्राच्या काळजीनें नव्हे. तें टोपडें डोळ्यांपुढून हालेना.

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. वाड्याच्या चुना दिलेल्या भिंतीशीं गाडीची पाठ लावून सौभाग्यवतींस मागें उभें केलें आणि आम्ही एकेक बटण दाबीत सुटलों. डाव्या दिव्याचें निदान सोपें होतें. बल्बची कांच आंतून काळवंडली होती. या बल्बांत दोन तारा असतात, एक पांच वॅटची, रात्रीं सतत जळणारी, व दुसरी एकवीस वॅटची, ब्रेकची. बुडाच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखालीं ठेवलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसूं नये. तरीहि तो दांडगाईनें उलटा बसविणारे आहेत, आणि आम्ही एकदां त्यांत होतों. नवा बल्ब लावतांच डावी बाजू झाली.

उजवीनें मात्र आमचा अंत पाहिला. फ्यूज तपासला, बल्ब बदलला, ठोकरून पाहिलें. ब्रेक दाबला कीं सौभाग्यवती म्हणत, "अहो, पुन्हां मंदावला. शिवाय वळण्याचा पिवळा दिवा मिणमिणतो आहे. विहिरीवरची मोटार चालू झाली कीं घरांतले दिवे बसतात ना, तसें दिसतें." उपमा चांगली होती, पण तिच्यावरून आम्ही बॅटरी दुबळी ठरविली आणि अर्धा दिवस ती चार्ज करण्यांत घालविला.

दुपारीं शेजारचे निवृत्त विज्ञानशिक्षक चहाला आले. सारें ऐकून ते म्हणाले, "अहो, दिव्याकडे वीज कशी जाते हें तुम्ही सकाळपासून पाहतां आहांत. ती परत कशी येते तें पाहिलेंत का?"

मोटारींत दिव्याकडे जाणारी तार असते. परतीची निराळी तार बॅटरीपर्यंत नसते. आमच्या गाडींत बॅटरीचें ऋण टोक लोखंडी सांगाड्याला जोडलेलें आहे, आणि दिवे आपली वीज त्या सांगाड्यांतूनच परत पाठवितात. कारागीर यालाच 'अर्थ' म्हणतात. ही वाट गंजानें बुजली म्हणजे वीज रुसून बसत नाहीं. शेजारच्या दिव्यांतून आडवाट काढते. आमच्या लाल दिव्याची पांच वॅटची थोडकी वीज पिवळ्या दिव्याच्या तारेंतून गुपचूप निसटून जाई आणि दिवा ठीक जळतो असें वाटे. ब्रेक दाबल्यावर एकवीस वॅटच्या तारेची वीजहि त्याच बोळांत घुसे. एवढ्यांना तेथून वाट मिळेना. मग लाल दिवा मंदावे आणि ज्याचा कांहीं संबंध नाहीं तो पिवळा मिणमिणूं लागे. म्हणजे आम्ही थांबत असतां आमची गाडी मागच्यास दूर जात असल्याचें सांगत होती.

शिक्षकांनीं परीक्षाहि सांगितली. लांब तार हवी होती. ती माळ्यावरच्या आकाशकंदिलाची सांपडली. तिचें एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास बांधलें, दुसरें गाडीवरून ओढीत नेऊन उजव्या दिव्याच्या पत्र्याच्या घराला टेंकविलें. आम्ही ब्रेक दाबला. आरशांत पाहतों तों मागची चुन्याची भिंत दोन्ही बाजूंनीं लालभडक झाली.

पुढचें काम सोपें होतें. आधीं बॅटरीचें ऋण टोक सोडविलें. हें न करतां पाना फिरविणाऱ्याचा पाना केव्हां तरी भलतीकडे टेंकतो आणि ठिणग्या उडतात. डिकींतून दिव्याचें घर धरणारा स्क्रू काढला. त्याच्याखालीं गंज होताच, पण गंजाखालीं रंगाचा जाड थर निघाला. चार वर्षांपूर्वीं गाडी रंगविली तेव्हां आम्हीच रंगाऱ्याच्या मागें उभे राहून "कोपरान्‌कोपरा भरा" म्हणून बजावलें होतें. त्या बिचाऱ्यानें आज्ञा पाळली. पॉलिश पेपरनें पत्रा चकाकेपर्यंत घासला, दांतेरी वॉशर घालून स्क्रू आवळला, दिव्याच्या घरापासून सांगाड्याच्या एका जाड बोल्टपर्यंत जादा तार दिली, आणि पुन्हां दमट हवा शिरूं नये म्हणून वरून व्हॅसलीन चोपडलें. खर्च दोन बल्बांचा आणि हातभर तारेचा. सकाळीं बदललेला उजवा बल्ब मुळांत चांगलाच होता. तो आतां खणांत राखीव आहे.

या भरांत सगळेच दिवे उघडले. फ्यूजच्या पेटींत एका ठिकाणीं सिगरेटच्या पाकिटांतली चांदी गुंडाळलेली आढळली. कोणाचें काम तें आठवत नाहीं, कदाचित् आमचेंच. फ्यूज जळतो तो तारा जळूं नयेत म्हणून. त्याच्या जागीं चांदी घालणें म्हणजे पहारेकरी झोंपवून घर उघडें टाकणें. पुढच्या दिव्यांना आजकालचे पांढरे झगझगीत बल्ब लावण्याचा सल्ला दोघांनीं दिला, तो आम्ही मानला नाहीं. जालन्याच्या रस्त्यावर समोरून तसला उजेड डोळ्यांत शिरला म्हणजे काय होतें, तें आम्ही जाणतों.

त्या तरुणाचें नांवगांव विचारायचें राहून गेलें. पुढच्या संकष्टीला राजूरच्या गर्दींत सौभाग्यवती प्रत्येक मोटारसायकलीकडे निरखून पाहत होत्या. तो दिसला नाहीं.

आतां सायंकाळीं गाडी काढावयाची झाल्यास शेजारचा सात वर्षांचा मुलगा मागें उभा राहतो आणि "डावा लागला! उजवा लागला! बिरेक!" अशा आरोळ्या ठोकतो. मोबदला म्हणून त्यास बसस्टँडपर्यंत फेरी द्यावी लागते. काल त्यानें नंबराच्या पाटीवरचा लहान दिवा बंद असल्याची वर्दी दिली आहे. पॉलिश पेपर काढून ठेवला आहे. उद्यां सकाळीं तो उघडूं.