तीन महिन्यांची डोकेदुखी

'वन नाइट स्टँड' हा शब्द सिनेमात कसा मस्त वाटतो ना? माझी ती एक रात्र गोव्यातल्या असाइनमेंटवरची. पुण्याला परतले, त्या रात्री नवऱ्याला नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. म्हणून नाही म्हटलं नाही. खरी भीती दुसऱ्या दिवशी सुरू झाली. मग रोज रात्री माझं डोकं दुखायला लागलं!

बाराव्या दिवशी सरकारी हॉस्पिटलमधलं आयसीटीसी गाठलं. तिथे एचआयव्हीची टेस्ट मोफत होते आणि गुप्त राहते. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, "७२ तासांत आला असतात, तर संसर्ग टाळायची औषधं सुरू करता आली असती." रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी हुश्श करणार, तोच त्या म्हणाल्या, "आजचा निगेटिव्ह पक्का नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या. तोवर कंडोम वापरा. गनोरिया, क्लॅमिडियाची अनेकदा लक्षणंच दिसत नाहीत, तीही तपासणी करून घ्या. आणि मिस्टरांचं काय?"

तिथेच माझी चोरी पकडली गेली. मला रिपोर्ट हवा होता, तो त्याला काही सांगावं लागू नये म्हणून.

त्या रात्री सगळं सांगितलं. तो हॉलमध्ये झोपला. सकाळी एवढंच म्हणाला, "टेस्टला कुठे जायचं?"

तीन महिन्यांनी दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले. तो अजून हॉलमध्येच झोपतो. पुढे काय, ते तोच ठरवेल, पण सगळं माहीत असताना. माझं डोकं मात्र दुखायचं थांबलंय.