गाडी कुणाची, धंदा कुणाचा?

व्यापारी कुटुंबात मुलाला हिशेब समजू लागतो, तेव्हा मालक आणि नोकर यांतला फरक त्याला वेगळा शिकवावा लागत नाही. दुकान लहान असले तरी गल्ल्यावर बसणारा मालक असतो. नफा त्याचा आणि तोटाही त्याचाच. अमेरिकेतील मालवाहतुकीच्या धंद्यात मात्र असा एक वर्ग आहे, की त्याला कोणत्या रकान्यात घालावे याचा निकाल तेथील न्यायालयांनाही सहज लावता आलेला नाही. त्याला ‘लीज्ड ओनर-ऑपरेटर’ म्हणतात. ट्रक त्याच्या मालकीचा आणि चालवणाराही तोच. पण ट्रकच्या दारावर नाव व नोंदणी क्रमांक असतो तो एखाद्या वाहतूक कंपनीचा. आपला ट्रक, आणि ओघाने स्वतःलाही, त्याने त्या कंपनीला भाडेपट्ट्याने दिलेले असते.

ही पद्धत रुजण्यास 1935 चा मोटर कॅरियर कायदा बऱ्याच अंशी कारणीभूत ठरला. या कायद्याने राज्याराज्यांतील ट्रकवाहतूक केंद्रीय आयोगाच्या नियंत्रणाखाली आली. परवाना दुर्मीळ झाला आणि त्यालाच किंमत आली. ट्रक विकत घेणे जमत होते. परवाना मिळवणे जमत नव्हते. ज्याच्याकडे गाडी होती त्याने ती परवाना असलेल्या कंपनीकडे लावली. पुढे 1980 च्या कायद्याने परवाने सुलभ झाले. तरीही पद्धत टिकली, कारण परवाना मिळाला तरी विमा, गिऱ्हाईक, कागदपत्रे आणि वसुली ही चार ओझी एकट्या चालकाला पेलत नाहीत. सर्वसाधारण मालाच्या आंतरराज्य वाहतुकीसाठी किमान 7,50,000 डॉलरचे दायित्व-विमासंरक्षण कायद्याने सक्तीचे आहे. कंपनीकडे गाडी लावली की ती जबाबदारी कंपनीची होते.

त्या बदल्यात चालक-मालक काय देतो? नियमांतील शब्द असे आहेत की, कराराच्या मुदतीत त्या वाहनाचा अनन्य ताबा, नियंत्रण आणि वापर कंपनीकडे राहील. हे वाक्य पुन्हा एकदा वाचण्यासारखे आहे. घसारा ज्याच्या खात्यात, हप्ता ज्याच्या खात्यात, त्याच्या वस्तूचे नियंत्रण मात्र दुसऱ्याकडे! सामान्य माणसाच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. अपघात झाल्यास कंपनीला हात वर करता येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. पण ‘मालक’ या शब्दाचे वजन त्यामुळे किती उरते, हा प्रश्न राहतोच.

मोबदला बहुधा मैलामागे ठरलेल्या दराने किंवा भाड्याच्या टक्केवारीने मिळतो. येथेच नवखा माणूस फसतो, कारण आठवड्याच्या जमेचा आकडा नोकरीच्या पगारापेक्षा खूप मोठा दिसतो. केवळ उदाहरणादाखल एक आठवडा घेऊ. 2,100 मैल, मैलाला 2 डॉलर, म्हणजे जमा 4,200. गाडी गॅलनला 7 मैल देते असे धरले तर 300 गॅलन डिझेल. 4 डॉलर दराने 1,200. टायर व दुरुस्तीसाठी मैलाला 10 सेंट बाजूला काढले तर 210. ट्रकचा हप्ता 900, विमा व इतर कपाती 250, अनामत 150. शिल्लक 1,490. आता मंदी आली आणि मैल 1,400 वर आले. जमा 2,800, डिझेल व दुरुस्तीचे 940, हप्ता, विमा, अनामत मात्र पूर्वीचेच 1,300. शिल्लक 560. काम एक तृतीयांशाने घटले आणि हाती उरणारी रक्कम जवळजवळ दोन तृतीयांशाने. आठवडाभर आजारपण आले, तर 1,300 डॉलर उलट त्याच्याच नावे पडतात. शिवाय जी काही शिल्लक उरते तिच्यातूनच त्याची मजुरी, आरोग्यविमा आणि स्वयंरोजगाराचा 15.3 टक्के कर भागायचा असतो. नोकरदाराच्या बाबतीत या कराचा अर्धा वाटा मालक उचलतो. येथे दोन्ही वाटे त्याचेच. जास्त मैल मारून भरपाई करावी म्हटले, तर दहा तासांच्या विश्रांतीनंतर कमाल अकरा तासच गाडी चालवता येते, आणि डिसेंबर 2017 पासून त्याची नोंद इंजिनाला जोडलेले यंत्र ठेवते.

हिशेबातील लपवाछपवी रोखण्यासाठी 1979 मध्ये ‘ट्रुथ-इन-लीजिंग’ नावाचे नियम आले. ते वाचून कोणत्याही हिशेबतपासनिसाला समाधान वाटावे. करार लेखी हवा. माल पोहोचवल्याची कागदपत्रे दिल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायला हवेत. मोबदला टक्केवारीने ठरला असेल, तर गिऱ्हाइकाला लावलेल्या भाड्याच्या बिलाची प्रत चालक-मालकाला द्यायला हवी. प्रत्येक कपात करारात आधी लिहिलेली असावी, अनामतीवर व्याज मिळावे आणि करार संपल्यावर 45 दिवसांत तिचा हिशेब मिटवावा. डिझेल वा टायर कंपनीकडूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. आपल्याकडे ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी अटॅच करणारे अनेक जण बिल्टीची पोहोच खिशात घेऊन बाकी भाड्यासाठी हेलपाटे घालतात. त्यांना पंधरा दिवसांचा हा नियम स्वप्नवत वाटेल.

पण वही उघडी ठेवली म्हणून व्यवहार बरोबरीचा होत नाही. ज्याच्याकडे ट्रकच नाही अशा चालकाला काही कंपन्या ‘लीज-पर्चेस’ देऊ करतात. कंपनी किंवा तिची भगिनी संस्था त्याला ट्रक भाड्याने देते. तोच ट्रक तो फिरून कंपनीला भाडेपट्ट्याने देतो. हप्ता त्याच्या मोबदल्यातून परस्पर कापला जातो. मुदत पूर्ण केली की ट्रक त्याचा. कागदावर हे सुबक दिसते. कर्ज देणाऱ्याच्या नजरेतून पाहिले तर चित्र बदलते. येथे सावकार, एकमेव गिऱ्हाईक आणि हिशेबनीस एकच आहे. मैल किती द्यायचे ते तो ठरवतो आणि मैल कमी पडल्याने हप्ता थकला, तर गाडी काढून घेणाराही तोच. त्याच गाडीवर मग पुढचा चालक बसतो. मंदीच्या पेठेत मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या आहेत. पण कर्जदाराची कमाई जिच्या हातात, तीच पेढी त्याची धनको, अशी रचना कोणताही सावध बँकर तारणात धरणार नाही.

अशाच एका प्रकरणात कायदेशीर किमान वेतनापेक्षाही कमी रक्कम हाती पडल्याची तक्रार एका चालकाने केली. कंपनीचे म्हणणे असे की, करारानुसार हा वाद लवादाकडे जावा. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने चालकाची बाजू उचलून धरली. निकाल न्यायमूर्ती गोर्सच यांनी लिहिला. 1925 च्या लवाद कायद्यातील ‘नोकरीचे करार’ या शब्दांत त्या काळच्या अर्थाने स्वतंत्र ठेकेदारही येतो, म्हणून त्याला लवादाची सक्ती करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढे 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार नेमलेल्या कार्यगटाने जानेवारी 2025 मध्ये अहवाल दिला. नवे नियम सुचवून तो थांबला नाही. लीज-पर्चेसच्या या योजनांवर बंदीच घालावी, अशी शिफारस त्याने केली.

म्हणून सर्वच चालक-मालक बुडतात असे मात्र नाही. नोकरीतल्या चालकापेक्षा निश्चिंतपणे आपले घर चालवणारेही पुष्कळ आहेत. त्यांत कॅलिफोर्नियातील पंजाबी कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे. त्यांपैकी सावध माणूस प्रथम काही वर्षे पगारावर गाडी चालवतो, मग जुना पण सुस्थितीतला ट्रक बाहेरच्या बँकेच्या कर्जाने घेतो. घरात बहुधा पत्नीच खातेवही ठेवते, भाड्याच्या बिलाची प्रत हट्टाने मागून घेते आणि कपातींवर खुणा करते. दुरुस्तीचा निधी कंपनीकडे न ठेवता वेगळ्या खात्यात जमा होतो. मैल कमी मिळू लागले, की तो करारातील मुदतीप्रमाणे नोटीस देतो, दारावरची कंपनीची पाटी काढून परत करतो आणि तोच ट्रक दुसऱ्या कंपनीकडे लावतो. हप्ता तेव्हाही चालूच असतो. फक्त तो मागणारा आणि काम देणारा वेगवेगळे असतात.